६१७ अंकांची एक संख्या

ती २५१९५९०८४७५६५७८९३४९४ अशी सुरू होते आणि १२०७२०३५७ या नऊ अंकांवर संपते. मधले ५८८ अंक इथे छापलेले नाहीत, पण ते गुपित नाहीत. हवे त्याला सहज मिळतात. या ६१७ अंकी संख्येचं नाव आरएसए-२०४८. ती बरोबर दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, एवढी गोष्ट तिच्याबद्दल पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या दोन संख्या कोणत्या, हे मात्र आजवर कुणीही सांगू शकलेलं नाही.

अशा संख्यांची एक यादी आरएसए लॅबोरेटरीज या अमेरिकी प्रयोगशाळेने २००१ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यांचे अवयव पाडणाऱ्यांसाठी बक्षिसं लावली. यादीतली सर्वांत मोठी संख्या हीच होती आणि तिच्यावर दोन लाख डॉलर होते. २००७ मध्ये स्पर्धा बंद झाली, तोपर्यंत ते पैसे कुणी नेले नव्हते. आता बक्षीस नाही, तरी संख्या जागच्या जागी आहे आणि जगातले गणिती तिच्याकडे अजून वळून वळून बघतात.

एका संख्येसाठी इतकी धडपड कशाला, असा प्रश्न पडणाऱ्याने वांद्र्याकडे बघावं. वांद्रे पूर्वेला, मिठी नदीकाठच्या जुन्या दलदलीच्या जागी उभ्या राहिलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजार आहे, सेबी आहे, नाबार्ड आहे, हिरेबाजार आहे आणि यूपीआय चालवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवरचे व्यवहार एका महिन्यात पहिल्यांदाच एक हजार कोटींच्या पुढे गेले. वांद्र्याच्या बाजारात मासळी घेऊन फोनवर पिन टाकला, की तो पिन उघडा प्रवास करत नाही; निघण्यापूर्वीच त्याचं कूटात रूपांतर होतं. ज्या कल्पनेवर हे कूटलेखन उभं आहे, ती कल्पना म्हणजे सगळ्यांना दाखवता येणारी आणि तरीही कुणाला फोडता न येणारी किल्ली. भारतात कंपन्यांचे कागद, निविदा, आयकर विवरणपत्रं यांच्यावर जी डिजिटल सही केली जाते, तिच्यामागे साधारणपणे आरएसए-२०४८ च्याच मापाची, म्हणजे ६१७ अंकी, संख्या असते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांतही याच मापाच्या संख्या वर्षानुवर्षं वापरात आहेत. संकुलातल्या काचेच्या इमारतींमध्ये दिवसभर जो पैसा फिरतो, त्याचा मोठा भाग अशा न फुटलेल्या गुणाकारांच्या भरवशावर फिरतो.

कूटलेखनाची ही आरएसए पद्धत रॉन रिव्हेस्ट, आदी शमिर आणि लिओनार्ड एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडली. ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स यांना तीच कल्पना १९७३ मध्ये सुचली होती, पण खात्याने ती १९९७ पर्यंत उघड केली नाही. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार करायचा आणि तो जगाला देऊन टाकायचा. त्या गुणाकाराच्या साहाय्याने कुणीही निरोप कुलूपबंद करू शकतो. उघडायला मात्र मूळच्या दोन संख्या माहीत असाव्या लागतात. गुणाकार करायला संगणकाला क्षणही लागत नाही. उलट दिशेला, म्हणजे गुणाकारावरून अवयवांकडे जायला, आज माहीत असलेल्या पद्धतींनी आयुष्यंच्या आयुष्यं अपुरी पडतात.

या ६१७ अंकी संख्यांच्या कुळाचे काही गुण पाहण्यासारखे आहेत. त्यांची दुहेरी पद्धतीतली लांबी २०४८ बिट ठरलेली असते. म्हणजे त्या दोनाच्या २०४७व्या घातापेक्षा मोठ्या आणि २०४८व्या घातापेक्षा लहान असतात. दशमानात हा पट्टा असा पडतो, की त्यातल्या प्रत्येक संख्येचा पहिला अंक १, २ किंवा ३ असतो. तो १ असेल तर दुसरा अंक ६ किंवा त्याहून मोठा असतो. ३ असेल तर दुसरा अंक २ च्या पुढे जात नाही. शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९. जगातल्या अशा कोट्यवधी किल्ल्या वाटेल तशा निवडलेल्या दिसतात, पण दोन्ही टोकांना त्या अशा बांधलेल्या आहेत.

त्यांचे अवयव साधारण ३०९ अंकी असतात. तेवढ्या मोठ्या मूळ संख्या आणायच्या कुठून? मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केलं, आणि त्या किती दाट आहेत हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालं. या उंचीवर सरासरी ७१० संख्यांत एक मूळ संख्या भेटते. सम संख्या वगळल्या तर ३५५ त एक. संगणक वाटेल ती विषम संख्या उचलतो, तपासतो, टाकून देतो, पुढची उचलतो. काहीशे प्रयत्नांत काम होतं. या मापाच्या मूळ संख्या एकूण किती, तर एकावर सुमारे ३०५ शून्यं इतक्या. दृश्य विश्वातले अणू मोजायला एकावर ८० शून्यं पुरतात.

आता पुन्हा आरएसए-२०४८ कडे. जगातले सगळे महासंगणक जिच्यापुढे थांबले, तिच्याबद्दल पाचवी-सहावीच्या पुस्तकातल्या विभाज्यतेच्या कसोट्या घेऊन काय सांगता येतं ते पाहावं. तिचा शेवटचा अंक ७ आहे. दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या शेवटी ७ यायचा, तर त्यांपैकी एकीच्या शेवटी १ आणि दुसरीच्या शेवटी ७ असला पाहिजे, नाहीतर एकीच्या शेवटी ३ आणि दुसरीच्या शेवटी ९. तिसरी शक्यता नाही. शेवटचे दोन अंक ५७, त्यांना ४ ने भागल्यावर बाकी १. म्हणजे अज्ञात अवयवांना ४ ने भागलं तर दोघांचीही बाकी १ येणार किंवा दोघांचीही ३. एकाची १ आणि दुसऱ्याची ३ असं होणार नाही. तिच्या सगळ्या ६१७ अंकांची बेरीज २७३८ भरते. २७३८ च्या अंकांची बेरीज २०, म्हणून ३ ने भागल्यावर आरएसए-२०४८ ची बाकी २. यावरून ठरतं की दोन अवयवांपैकी एकाला ३ ने भागल्यावर १ उरतो आणि दुसऱ्याला भागल्यावर २. कुणीही न पाहिलेल्या, ३०९ अंकी दोन संख्यांविषयीची ही पक्की विधानं आहेत आणि ती कागद-पेन्सिलीने मिळालेली आहेत.

हा रस्ता पुढे नेला तर कुठे जातो? ५ ने, ७ ने, ११ ने, हव्या तेवढ्या लहान संख्यांनी भागत गेलं तरी प्रत्येक वेळी जोडीविषयी एक अट मिळते. त्यातल्या एकट्या अवयवाविषयी काहीच मिळत नाही. पहिल्या अवयवाची बाकी शून्य सोडून काहीही असू शकते, दुसरा तिच्याप्रमाणे आपली बाकी जुळवून घेतो. गुणाकाराने दोघांना एकमेकांत असं लपवलेलं असतं. कसोट्यांची संख्या वाढवून ते सुटे होत नाहीत, म्हणूनच वांद्र्याचे व्यवहार सुरक्षित राहतात.

एखाद्या संख्येशी असा परिचय करून घेण्याची, तिचे अंक मिळवून, उलटवून, फोडून पाहण्याची मराठी मुलखातली सर्वांत मोठी साधना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची. त्यांच्याशिवाय या विषयाची ओळख पुरी होणार नाही.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये, विद्यार्थी असतानाच, गणितातल्या स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. पुढची पदवी नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत राहिले आणि उरलेला वेळ त्यांनी संख्यांना दिला. पुष्कळसं लेखन त्यांनी स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तिकांतून प्रसिद्ध केलं. त्यांच्या हयातीत अनेक भारतीय गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटत असे. तो न्याय बरोबर नव्हता. सिद्धतांच्या मोठ्या इमारती त्यांनी बांधल्या नाहीत हे खरं, पण जिथे कुणी थांबून पाहत नव्हतं तिथे ते थांबले, आणि जे दिसलं ते आज जगभरच्या संख्यासिद्धांताच्या पुस्तकांत त्यांच्या नावाने आहे.

त्यांच्या नावाचा स्थिरांक, ६१७४, बहुतेकांनी ऐकलेला असतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करावं. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतोच, आणि आला की हलत नाही. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. त्यांचं स्वतःचं जन्मवर्ष घेऊन पाहावं. १९०५ पासून ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. तिथून ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. बरोबर सात पायऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त लागू शकतात तेवढ्या.

मोठ्या संख्यांच्या दृष्टीने मात्र त्यांच्या डेमलो संख्या अधिक बोलक्या आहेत. मुंबईपासून तीस मैलांवरच्या, जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. नाव तिथूनच आलं. १९३८ मध्ये त्यांनी या संख्यांवर लेख लिहिला आणि १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासह मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांचा सिद्धांत मांडला. या कुळातली सर्वांत देखणी शाखा अशी: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एक घेतले की वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या अंकांची पायरी-पायरीने चढण आणि तशीच उतरण आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकर हर्षद संख्या म्हणत. रामानुजनची म्हणून प्रसिद्ध असलेली १७२९ देखील हर्षद आहे: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. आरएसए-२०४८ मात्र हर्षद नाही, आणि हे सांगायला भागाकार करावा लागत नाही. तिच्या अंकांची बेरीज २७३८ सम आहे आणि ती स्वतः विषम.

दहा एक घेतल्यावर काय होतं? इथे हातचा येतो आणि चढण मोडते. ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. चढणीतला ८ नाहीसा झाला. सामान्य माणूस इथे हिरमुसून वही मिटेल. कापरेकरांच्या डोळ्यांनी पाहिलं तर याच जागी दुसरी गंमत उघडते. त्या वर्गाचे दोन भाग करावे, १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१, आणि मिळवावे. बेरीज येते ११११११११११, म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला तीच. ज्या संख्यांच्या वर्गाचे असे दोन तुकडे मिळवून तीच संख्या परत येते, त्यांना जग आज कापरेकर संख्या म्हणतं. २९७ ही त्यांतली छोटी: वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. १४२८५७ ही दुसरी, तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे १४२८५७.

आता एक एक करून ३०९ एक ओळीने लिहावेत आणि त्या संख्येचा वर्ग करावा. उत्तर बरोबर ६१७ अंकी येतं. लांबी आरएसए-२०४८ एवढीच. अवयव तिच्यासारखेच ३०९ अंकी दोन, फक्त इथे ते दोन्ही सारखे. पण ही संख्या पहिल्या नजरेतच सगळं सांगून टाकते. सुरुवातीपासून निम्म्या लांबीपर्यंत तिच्यात १२३४५६७९० हेच नऊ अंक त्याच क्रमाने फिरत राहतात, आठचा पत्ता नाही. ३०९ या संख्येला ३ ने भाग जातो म्हणून त्या ओळीला १११ ने भाग जातो, म्हणून ३ आणि ३७ हे तिचे अवयव शाळकरी मूलही सांगेल. सारख्याच लांबीच्या दोन संख्यांपैकी एक आरपार दिसते आणि दुसरीतून काही दिसत नाही. संख्येची लांबी तिच्याविषयी फार थोडं सांगते. तिची घडण कशी आहे यावर सारं ठरतं. ही गोष्ट या विषयाच्या मुळाशी आहे. सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडली. दोनाचा १३,६२,७९,८४१वा घात वजा एक, तिचे अंक ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. गुप्तलेखनात तिचा उपयोग नाही. तिला नाव आहे, आकार आहे, ती सगळ्यांना माहीत आहे.

कापरेकर आणि आरएसए यांची वाट एका माणसाच्या टेबलावर एकत्र आली होती, हे फार कमी लोक लक्षात घेतात. सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांचं गणिती खेळांचं सदर चालत असे. मार्च १९७५ च्या सदरात त्यांनी देवळालीच्या या शिक्षकाची ओळख जगाला करून दिली. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, ऑगस्ट १९७७ च्या सदरात, त्यांनी रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांची नवी पद्धत पहिल्यांदा सामान्य वाचकांपुढे ठेवली आणि सोबत १२९ अंकी संख्येने कुलूपबंद केलेला एक निरोप छापला. फोडणाऱ्याला शंभर डॉलर. अंकांच्या निखळ कुतूहलाला आणि भविष्यातल्या बँकांच्या तिजोरीला एकाच सदरात जागा देणाऱ्या गार्डनर यांच्या नजरेला दाद द्यावी तेवढी थोडी. ज्या विद्वानांना कापरेकर किरकोळ वाटले, त्यांना हा शेजार दिसला नाही.

मोठ्या संख्यांची ओढ महाराष्ट्रात त्याहून कितीतरी जुनी. चाळीसगावजवळच्या पाटण इथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं, दहं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. पण खरी कमाल त्यांच्या बीजगणितातल्या एका उदाहरणाची आहे. एखाद्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर उत्तरही पूर्ण वर्ग यावं. असा सर्वांत लहान वर्ग कोणता? ६१ ऐवजी ६० घेतले तर उत्तर तोंडी येतं: ४ चा वर्ग १६, साठपट ९६०, अधिक एक ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतले तरी तसंच: ८ आणि ६३. मधल्या ६१ ला मात्र सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ असं आहे. एकामागून एक आकडे घालून पाहणारा माणूस इथवर पोचणार नाही. भास्कराचार्य चक्रवाल पद्धतीने मोजक्या पायऱ्यांत पोचले, ११५० च्या सुमारास. पुढे १६५७ मध्ये फेर्माने हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून टाकला. आर्किमिडीजच्या नावावर असलेल्या गुराढोरांच्या कोड्यातही असंच समीकरण लपलेलं आहे, आणि त्याचं उत्तर २,०६,५४५ अंकी आहे. दोन शेजाऱ्यांच्या मधोमध बसलेल्या साध्या ६१ मधून एवढी मोठी संख्या का उसळते, याचं उत्तरही ६१ च्या वर्गमूळाच्या आतल्या घडणीतच आहे.

कुलपं फुटण्याचा इतिहास बनण्याच्या इतिहासाएवढाच शिकवणारा आहे. गार्डनर यांच्या सदरातली १२९ अंकी संख्या फोडायला अब्जावधी वर्षं लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. एप्रिल १९९४ मध्ये ती फुटली. सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून आपापल्या संगणकांचा मोकळा वेळ दिला होता. संगणक वेगवान झाले हे त्यामागचं निम्मं कारण. निम्मं कारण म्हणजे अवयव पाडण्याच्या रीती सुधारल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आरएसए-२५० फुटली. एकाच संगणकगाभ्यावर करायचं म्हटलं तर त्याला सुमारे २७०० वर्षं लागली असती. तिथून ६१७ अंकांपर्यंतचं अंतर सरळ रेषेत मोजता येत नाही. प्रत्येक वाढीव अंकाबरोबर काम वाढत जातं.

तरी ६१७ अंक असले म्हणजे निर्धास्त व्हावं असं नाही. २०१२ मध्ये दोन संशोधक गटांनी इंटरनेटवरच्या लक्षावधी खुल्या किल्ल्या गोळा केल्या आणि त्यातल्या हजारो फोडून दाखवल्या, तेही अवयव पाडण्याची कुठलीही अवघड रीत न वापरता. त्यांचं हत्यार होतं मसावि. अनेक छोट्या उपकरणांनी चालू होताच, पुरेशी यदृच्छा जमा होण्याआधीच, मूळ संख्या निवडल्या होत्या. म्हणून वेगवेगळ्या उपकरणांच्या किल्ल्यांत एक मूळ संख्या समान आली होती. लहान आकड्यांवर हे असं दिसतं: ११४१३ आणि १२८२७ या दोन किल्ल्या घ्या. मोठीतून लहान वजा केली की १४१४ उरतात. ११४१३ ला १४१४ ने भागलं की बाकी १०१. १४१४ ला १०१ ने निःशेष भाग जातो. तीन भागाकारांत मसावि १०१ हाती आला आणि दोन्ही किल्ल्या एकदम उघडल्या, १०१ गुणिले ११३ आणि १०१ गुणिले १२७. संख्या शेकडो अंकी असल्या तरी ही भागाकाराची रीत क्षणात संपते. युक्लिडच्या ग्रंथात ती आहे, आर्यभटाच्या कुट्टकाचा पायाही तोच परस्पर भागाकार आहे, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत ती आजही फळ्यावर लिहिली जाते. विद्यार्थ्यांना त्या वेळी एवढंच सांगायला हवं की हे गणित बँकेच्या तिजोरीपाशी जाऊन पोचतं.

या क्षेत्रातली सर्वांत मोठी भारतीय कामगिरी ऑगस्ट २००२ ची. आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं की दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे नेहमी, खात्रीने आणि व्यवहार्य गतीने ठरवता येतं. संख्या मूळ नाही एवढं सांगणं आणि तिचे अवयव काढून दाखवणं ही वेगवेगळी कामं आहेत, ही इथली विलक्षण गोष्ट. पहिलं सोपं आहे हे सिद्ध झालं. दुसरं अवघड आहे हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. फक्त सोपी वाट सापडलेली नाही. वांद्र्यापासून न्यूयॉर्कपर्यंतचा व्यवहार या न सापडलेल्या वाटेवर विसंबून आहे, आणि हे उघडपणे सांगितलं गेलं पाहिजे.

एक वाट मात्र कागदावर सापडलेली आहे. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की क्वांटम संगणक असला तर अवयव पाडणं सोपं होईल. २०१९ मध्ये अंदाज असा होता की २०४८ बिटांची संख्या आठ तासांत फोडायला दोन कोटी क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे बिट, लागतील. २०२५ मध्ये तो अंदाज बांधणाऱ्यांपैकी एका संशोधकाने नवा अंदाज मांडला: दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. तेवढं यंत्र आज अस्तित्वात नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या कूटपद्धती प्रमाण म्हणून जाहीर केल्या आहेत, आणि जगभरच्या वित्तसंस्थांना पुढच्या काही वर्षांत त्यांच्याकडे वळावं लागेल. ६१७ अंकी किल्ल्या कामावरून उतरल्या तरी त्यांच्या पोटातलं गणित जुनं होत नाही.

पुढच्या पानांत जाण्यासाठी वाचकाला मसावि, बाकी आणि वर्ग एवढंच आठवत असलं तरी पुरे. सोबत कागद घ्यावा, कारण हा विषय नुसता वाचून समजत नाही. सुरुवातीला फेर्माने १६४३ च्या पत्रात फोडून दाखवलेली संख्या घ्यावी: २,०२,७६,५१,२८१. ही दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, आणि त्या एकमेकींच्या बऱ्यापैकी जवळ आहेत. अशा वेळी ती संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते, आणि शाळेतल्या सूत्राप्रमाणे दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. तिचं वर्गमूळ ४५,०२९ आणि ४५,०३० यांच्या मध्ये पडतं, म्हणून ४५,०३० पासून सुरुवात करावी. त्याचा वर्ग २,०२,७७,००,९००. त्यातून दिलेली संख्या वजा केली की ४९,६१९ उरतात आणि हा पूर्ण वर्ग नाही. मग ४५,०३१ घ्यावा, मग ४५,०३२. अशा बाराव्या प्रयत्नाला वजाबाकी पूर्ण वर्ग येते, आणि दोन्ही अवयव एकदम समोर येतात.